गोधडीतला कोमट चौकोन

हे आत्ताच सांगायला पाहिजे. उद्या नाही चालणार. उद्या दुपारी देवकाआजी येणार आहे, आणि त्याच्या आत मला हे सगळं लिहून मोकळं व्हायचंय.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं टायपिंग माझ्याकडे आहे. एक लेख आलाच नाही, चार पानं रिकामी पडलीत. संपादककाका म्हणाले, "वैशाली, टाक काहीतरी तिथे. एखादी पाककृती टाक, बायकांना आवडते." काका, सॉरी हं. पाककृती नाही टाकत. माझा स्पीड चांगला आहे, बोटं पळतायत, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ राहिलं तर समजून घ्या. मी वाचून बघणार नाहीये. परत वाचलं तर मी खोडून टाकीन.

कामाच्या आठवणी लोक रिटायर झाल्यावर लिहितात. माझं वय बावीस. पण गोधड्या मी सातवीपासून शिवतेय, म्हणजे दहा वर्षं होत आली. सकाळी या कॉम्प्युटरच्या दुकानात, दुपारी दोन ते चार आईबरोबर गोधडी. आमचं घर सुरतेत, लिंबायतमध्ये, पुढच्या खोलीत फरशीवर सतरंजी आणि सतरंजीवर कायम एक अर्धी गोधडी. पाहुणा आला की त्याला कडेकडेनं चालावं लागतं.

मी मूळची नगर जिल्ह्यातली, पण वाढले इथे. आमच्या गल्लीत बाकी सगळे धुळे, नंदुरबार, शिरपूरकडचे. घराघरात अहिराणी, बाहेर हिंदी, दुकानात गुजराती. मला अहिराणी सगळी समजते असं मी छाती ठोकून सांगायचे. सांगायचे. आता नाही सांगत.

आधी गोधडी म्हणजे काय ते सांगते, कारण हल्ली लोकांना वाटतं चिंध्या जोडल्या की झाली गोधडी. गोधडीला तीन गोष्टी असतात. वरची बाजू ती पाठ, तिथे तुकड्यांचं डिझाईन. खाली एक अखंड लुगडं. आणि मधे पोट. पोटात जुने कपडे उसवून, सपाट करून थर लावायचे. मग कडेपासून धावदोरा घालत घालत गोल गोल आत यायचं, मधल्या चौकोनापर्यंत. एक कोपरा वीतभर उघडा ठेवायचा. सगळं शिवून झालं की त्या कोपऱ्यातून भाकरीचा एक तुकडा आत सरकवायचा आणि मग तोंड शिवायचं. त्याला घास म्हणतात. उपाशी गोधडी पांघरू नये, असं आई म्हणते. उपाशी गोधडी काय करते, हे मी लहानपणी विचारलं होतं. आई म्हणाली, "दोरा ओव तू."

सुरतेत गोधडी शिवणं म्हणजे एक गंमतच आहे. अख्खं शहर कापडाचं, आणि गोधडीला चालेल असं कापड मिळता मिळत नाही! सगळं पॉलिएस्टर, जॉर्जेट, शिफॉन. सुई त्याच्यावरून घसरते, दोरा चुण्या पाडतो. गोधडीला सुती हवं, आणि तेही वापरलेलं, पंधरा-वीस वेळा धुतलेलं, ज्याला अंगाचा वास लागलाय असं.

पण रंग! रंग मात्र सुरतेतच बघावेत. माझे वडील मार्केटात साडीच्या दुकानात आहेत. ते जुनी शेडकार्डं घरी आणायचे. पुठ्ठ्यावर एकाच डिझाईनचे आठ छोटे चौकोन, आठ रंगांत. राणी, अबोली, डाळिंबी, मेंदी, चिंतामणी, मोतिया, आमसुली, शेवाळी. मी ती झोपताना उशाशी ठेवायचे. खोटं नाही सांगत, बाकीच्या मुली नटांचे फोटो ठेवायच्या.

तुकडे जुळवणं हे माझं काम. शिवणं आईचं जास्त, जुळवणं माझं. दोन त्रिकोण पाठीला पाठ लावले की शंकरपाळी. चार त्रिकोण एकाच दिशेनं कलते लावले की भिंगरी. आणि भिंगरी नीट जमली ना, गडद-फिकट नीट पडलं, की ती फिरते! बघत राहा तिच्याकडे, फिरते. आठ भिंगऱ्या गोल मांडून मी मधे नुसती बसायचे. आई ओरडायची, "वैशे, गोधडी शिवायचीय, जत्रा नाही भरवायची."

आणि एक गोष्ट जी शिकवून येत नाही. रंग एकटा नसतो. शेजारी कोण बसलंय त्यावर तो बदलतो. हळदीचा पिवळा लालजवळ ठेवला की हसतो, राखाडीजवळ ठेवला की आजारी पडतो. तोच तुकडा, तेच कापड. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाइकं काय एकेक! कतारगामच्या एक हंसाबेन, त्यांनी सासूबाईंच्या सगळ्या साड्या आणून टाकल्या आणि वर म्हणतात, "बेन, आमां थोडी चमक नाखो ने!" मी म्हटलं, चमकीला जर घातली तर टोचेल. तर म्हणाल्या, टोचू दे, सासूचीच आहे. मग बँकेतल्या एक वहिनी होत्या, त्यांना सोफ्याच्या कव्हराला मॅचिंग गोधडी पाहिजे होती, फक्त दोन रंगांत. शिवली आम्ही. आई ती शिवताना सारखी जांभया देत होती.

अशा कामात देवकाआजी आली. साधारण दोन वर्षांपूर्वी, श्रावणात.

देवकाआजी आमच्या मागच्या गल्लीत एकटी राहते. शिरपूरकडची. तिचा मुलगा सुकलाल लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी अर्धी सुरत गावाकडे पळाली ते तुम्हाला आठवत असेलच. सुकलालनं आईला कसंबसं गाडीत चढवलं, स्वतःला जागा मिळाली नाही, खिडकीतून म्हणाला, मागच्या गाडीनं येतो. ती गाडी आली, पुढची आली, तो नाही आला. दोन महिन्यांनी आजी परत आली तर खोलीला कुलूप, आणि बाहेर दोरीवर त्याचा सदरा वाळत घातलेला. तसाच. तेव्हापासून आजी रोज एक भाकरी जास्त करते.

गल्लीतले सगळे म्हणायचे, गेला तो. आजीसमोर नाही म्हणायचे, पण म्हणायचे.

आजी गाठोडं घेऊन आली तेव्हा आई बाजारात गेली होती. बाहेर लूम चालू होते. ज्यांनी ऐकलेत त्यांना माहिती, आमच्या गल्लीत दुपारी बोलायचं म्हणजे ओरडायचंच. आजीनं गाठोडं सोडलं. तिची दोन लुगडी, जुनं धोतर, पोलकी, आणि सगळ्यात वर तो सदरा. निळा, फिका पडलेला, त्यावर बारीक पांढऱ्या रेघा. सुती! इतकं छान मऊ सुती की मी गालाला लावला.

"हाऊ मना सुकलालना शे," आजी म्हणाली.

"हो आजी."

"कापजो नको."

"नाही कापणार."

मग ती दारापर्यंत गेली, वळली, आणि म्हणाली, "आन मझार नको टाकजो हं बेटी."

आता इथेच माझं चुकलं. माझ्या हातात त्या वेळी एक हिरवा चमकता तुकडा होता, जरीच्या काठाचा. दर्ग्यात मजारीवर, म्हणजे कबरीवर चढवतात ना, त्या चादरीच्या कापडासारखा दिसणारा. तो मी दुसऱ्या एका गोधडीच्या मधल्या चौकोनासाठी काढून ठेवलेला. मला वाटलं, म्हातारी त्याच्याकडे बघून म्हणतेय, मजारीचं कापड नको. मी मोठ्यानं म्हटलं, "नाही नाही आजी, ते नाही टाकणार!" आणि हिरवा तुकडा उचलून बाजूला ठेवला. आजीनं मान हलवली आणि गेली. खूश होऊन गेली.

अहिराणीत मझार म्हणजे आत.

आणि आमच्या आईचा एक नियम आहे, जो तिच्या आईचा होता. गेलेल्या माणसाचं कापड गोधडीच्या पोटात जातं. जिवंत माणसाचं पाठीवर लागतं. उलट कधीच करायचं नाही. फक्त जिची गोधडी, तिचे स्वतःचे कपडे कुठेही चालतात. आजीलाही हे माहिती होतं, त्या पिढीच्या सगळ्या बायकांना माहिती असतं. ती मला सांगून गेली होती की माझा मुलगा जिवंत आहे. आणि मी ऐकलं भलतंच.

मी काय केलं? मी सदऱ्याची बटणं काढली, तो पोटाच्या थरात बरोबर मधोमध ठेवला, कापायचा नाही म्हणून अख्खाच, आणि बाह्या छातीवर दुमडल्या. दोन्ही हात असे एकावर एक. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. नीट बसावं म्हणून दुमडल्या. आई आली, तिनं विचारलं, "हा सुकलालचा ना? आजीनं आत घालायला सांगितला?" मी म्हटलं, "हो." म्हणजे मला आठवतच नव्हतं तिनं काय सांगितलं, पण सगळे म्हणतात गेला, म्हणून हो. आई "बरं झालं, मानलं तिनं एकदाचं" असं काहीतरी पुटपुटली.

वर मी जीव ओतून डिझाईन मांडलं होतं. आजीच्या आमसुली लुगड्याच्या आणि हळदी रंगाच्या पोलक्याच्या भिंगऱ्या, आठ, गोल. मधे मोतिया रंगाचा साधा चौकोन. सदरा त्या चौकोनाच्या बरोबर खाली.

पहिला आठवडा काही नाही. आम्ही कडेनं शिवत होतो. आई एका बाजूला, मी एका बाजूला, रेडिओ चालू.

दुसऱ्या आठवड्यात भिंगऱ्यांपर्यंत आलो आणि मला रंग चुकल्यासारखे दिसायला लागले. मांडताना पिवळा हसत होता. आता हिरवट दिसत होता, कावीळ झाल्यासारखा. आमसुली काळपट. मी मघाशी सांगितलं ना, रंग शेजारी बघून बदलतो? पण शेजारी मोतिया होता! मोतियाजवळ पिवळा असा होत नाही. निळ्याजवळ होतो. फिक्या निळ्याजवळ, अगदी असाच. आणि निळा तर आत होता, चार थरांखाली, जिथून तो दिसायचं कारणच नव्हतं.

मी आईला म्हटलं. ती म्हणाली, "डोळे तपासून घे, कॉम्प्युटरनं गेले असतील."

आणि भिंगऱ्या फिरेनात. मी बघत बसले, बघत बसले. आठच्या आठ थांबलेल्या. तुम्ही हसाल, पण माझ्यासाठी ते सगळ्यात भयंकर होतं.

मग सुई मोडली. मधल्या चौकोनात शिरताना पहिलाच टाका, आणि कट्. मी टोक शोधून काढलं, कारण गोधडीत टोक राहून चालत नाही, उद्या कुणाच्या अंगात जाईल. दुसरी सुई घेतली. तिथेच, बोटभर पुढे, कट्. तेही टोक सापडलं. सुती कापडात सुई का मोडेल? बोटात अंगुस्तान घालून जोर लावला, तिसरी सुई आत गेली, आणि आत जाऊन मोडली. ते टोक सापडलं नाही. मी हातानं दाबून पाहिलं, चुंबक फिरवला, आडवं धरून झटकलं. नाहीच.

आईला सांगितलं नाही. ती पाणी प्यायला उठली होती. सांगितलं असतं तर सगळं उसवायला लागलं असतं, आणि मला कंटाळा आला होता. बघा, किती साधं कारण. कंटाळा.

पण चाचपताना माझा तळहात त्या मोतिया चौकोनावर होता, आणि तो चौकोन कोमट होता. बाकीची गोधडी फरशीसारखी गार. ऊन तिथपर्यंत येत नाही, आम्ही मांडी घालून बसतो तीही जागा नाही. आई परत आली तेव्हा मी म्हटलं, "आई, हात लाव ना इथे." आईनं लावला. माझी आई सगळ्यावर बोलते, विंचू निघाला तरी त्याच्यावर बोलते. त्या वेळी तिनं नुसता हात उचलला, मोरीत गेली, साबणानं हात धुतला आणि चहा ठेवला. त्या दिवशी पुढे शिवलं नाही.

आमच्या गल्लीत आठवड्यातून एक दिवस लूम बंद असतात. त्या दिवशी इतकं शांत असतं की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. तसा दिवस होता, आणि आम्ही शेवटची फेरी घालत होतो. शेवटच्या टाक्यांना खूप वाकावं लागतं, तोंड जवळजवळ कापडाला लागतं. मला वाटलं, लूम चालू झाले. धप्प, धप्प. लांबून, हळू. मी मान वर केली. गल्लीत काहीच नाही, कुणीतरी भांडी घासतंय फक्त. परत वाकले. धप्प. धप्प. आईकडे पाहिलं, तर ती आधीच माझ्याकडे बघत होती.

"शीव," आई म्हणाली. "संपव."

संपवलं. फक्त कोपरा उघडा ठेवला. दुसऱ्या दिवशी देवकाआजी घास घेऊन आली. नवीन पोलकं घालून आली होती, केस विंचरून. हातात फडक्यात भाकरीचा तुकडा. ती गोधडीसमोर बसली, भिंगऱ्यांवरून हात फिरवला, एकेका कापडाला ओळखत गेली. हे मना लुगडं, हे मना पोलकं. मग थांबली.

"सदरा कोठे शे?"

"आत आहे आजी. पोटात. अख्खा ठेवलाय, कापला नाही हं!" मी अगदी कौतुकानं सांगितलं.

आजीनं भाकरी मांडीवर ठेवली. "मी तुले सांगेल व्हतं. मझार नको."

आणि मला कळलं. तो हिरवा तुकडा, मजार, सगळं एकदम कळलं.

"अहो आजी, मला वाटलं..."

"जिता शे तो," आजी म्हणाली. ओरडली नाही. "तुनी मारी टाकं त्याले."

आई मधे पडली, "नाही हो आजी, पोरगी आहे, चुकलं, उसवते ती." आजी माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं मधल्या चौकोनावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून बसली. बराच वेळ. तिचा चेहरा हळूहळू बदलला. मग म्हणाली, "लवकर काढ त्याले. तो दमी गया."

तीन दिवस उसवलं मी. कडेपासून शिवलेलं असल्यानं सगळंच उसवावं लागतं, मधून हात घालता येत नाही. दुकानात सुट्टी टाकली, जेवण सोडून उसवलं. तिसऱ्या दिवशी सदऱ्यापर्यंत पोचले.

तो ओला होता. चिंब नाही, घामानं होतो तसा, पाठीवर आणि काखेत. घालायच्या आधी मी तो स्वतः रिठ्यानं धुऊन, कडकडीत वाळवून ठेवला होता. आता वास येत होता मशीनच्या तेलाचा आणि माणसाचा. आणि पाठीवर जिथे जिथे आमची सुई गेली होती, तिथे प्रत्येक भोकाशी एक तपकिरी ठिपका. ओळीनं, गोल गोल. आई म्हणाली, "सुईचा गंज." असेल. ओल होती, गंज असेल. पण तीच सुई बाकीच्या थरांतूनही गेली होती आणि तिथे एकही ठिपका नव्हता.

तिसऱ्या सुईचं टोक सदऱ्यात नव्हतं. थरांत नव्हतं, सतरंजीवर नव्हतं. मी सगळा केर चाळला. ते कुठेच नव्हतं.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. आई, तू हा अंक वाचशीलच. सॉरी.

गोधडी परत शिवली. आता मोतिया चौकोन काढला आणि त्या जागी सदऱ्याची पाठ, वर, उजेडात. कात्री लावली नाही, बाकीचा भाग घडी करून त्याच्याच मागे वरवर टाचला. खालच्या थरांत बाकी सगळं आजीचं. आणि काय सांगू! निळा वर आल्याबरोबर मी पिवळ्याच्या जागा बदलल्या, मधे आजीच्याच पांढऱ्या पोलक्याची पट्टी घातली, आणि आठही भिंगऱ्या फिरायला लागल्या. माझ्या हातून झालेली सगळ्यात सुंदर गोधडी आहे ती. एवढं म्हणायचा हक्क आहे मला. आजीनं घास घातला, तोंड शिवलं. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणजे माफ केलं, असं मी धरलं.

चौकोन कोमटच होता. पण आता ते भीतीदायक वाटायचं नाही. आजी दुपारी ओट्यावर गोधडी घेऊन बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "हात लाईसन देख." लोक लावायचे, म्हणायचे, आजी, ऊन लागलंय. आजी हसायची. मी रोज कामावरून येताना हात लावून यायचे. दोन वर्षं. ताप आलेल्या मुलाचं कपाळ बघतात तसं. कोमट आहे ना, बरं, म्हणजे आहे.

गेल्या शुक्रवारी मी घरी आले तर आजी आमच्या दारात बसलेली. गोधडीची घडी मांडीवर. ऑक्टोबरचं ऊन, ती मागच्या गल्लीतून चालत आलेली, गोधडी नुसती तापलेली. मी नेहमीसारखा हात लावला.

सगळी गोधडी गरम. भिंगऱ्या गरम, कडा गरम. फक्त मधला निळा चौकोन गार. माठाच्या बुडासारखा गार. उन्हात!

"थंडा पडी गया व बेटी," आजी म्हणाली. "तीन रोज झायात."

मी म्हटलं, आजी, हवा बदललीय, थांबा थोडे दिवस, होईल परत. काहीही बोलत होते. आजीनं ऐकून घेतलं. मग गोधडी माझ्या हातात दिली, आणि अगदी माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, एकेक शब्द वेगळा करून, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं म्हणाली,

"आते. मझार. टाकी दे."

आणि विचारलं, "समजनं का?"

मी म्हटलं, "समजलं."

ती गेल्यावर मी चौकोनावरून परत हात फिरवला, आणि बोटाला काहीतरी टोचलं. सदऱ्याच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, रेघांच्या मधे. नखानं काढलं. सुईचं टोक. काळं पडलेलं, गंजलेलं, इतकंसं. दोन वर्षं आजी त्या कापडावर गाल ठेवून झोपत होती. तिला कधी टोचलं नाही. मी रोज हात लावत होते, मला टोचलं नाही. गोधडी कितीदा धुतली, आपटली, वाळवली.

एवढे दिवस ते टोक कुठे होतं?

आत्ता ते माझ्या कीबोर्डशेजारी डबीच्या झाकणात ठेवलंय. गोधडी शेजारच्या खुर्चीवर पिशवीत आहे. चार दिवस झाले, मी एकही टाका उसवलेला नाही. दर तासाला हात लावून बघते. गार आहे. भिंगऱ्यांकडे बघते. थांबल्यात. उद्या आजी घास घेऊन येणार. टोक मी तिच्या हातावर ठेवणार आहे आणि कंटाळ्याचं सगळं सांगणार आहे, मग ती काय म्हणायचं ते म्हणो. आणि ती परत म्हणाली आत, तर मी बाह्या छातीवर दुमडीन, या वेळी मला माहिती असेल की मी काय करतेय, आणि सदरा आत ठेवीन. या वेळी मी नीट ऐकलंय.

पण तुम्ही सांगा ना. अंक तुमच्या हातात पडेल तोवर माझं शिवून झालेलं असेल, तरी सांगा, मंडळात निरोप ठेवा. तुमच्या घरी असेल एखादी गोधडी, कुणाकुणाच्या कपड्यांची. आत्ता उठा आणि तिच्यावरून हात फिरवा, सगळ्या चौकोनांवरून, हळू. तुम्हाला लागलाय का कधी एखादा कोमट? आणि गार पडलेला परत कोमट झालाय का हो, कुणाचा?